सुंभ जळतो, पीळ राहतो: लांब पल्ल्याच्या रायफलसाठी नळीचा ट्विस्ट कसा निवडावा

मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या एका मित्राने ६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल बांधून घ्यायचं ठरवलं. गनस्मिथ ठरला, स्टॉक ठरला, ट्रिगर ठरला, दुर्बिणीचे पैसेही बाजूला काढून झाले. मग ऑर्डरच्या कागदावरच्या एका चौकोनापाशी गाडी अडली आणि त्याने मला फोन लावला. "अरे, इथे ट्विस्ट विचारलाय. ६.५ क्रीडमूरला सगळे १:८ घेतात. मीही तेच लिहू ना?" मी विचारलं, "गोळी कोणती मारणार आहेस?" तो म्हणाला, "ते बघू नंतर."

इथेच क्रम उलटा होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण रायफलच्या नळीला तंतोतंत लागू पडते. हजारो फैरींनंतर नळीचा चेंबरजवळचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेजवळचा, भाग जळून खडबडीत होतो, अचूकता जाते, नळी भंगारात निघते. पण आत कापलेल्या खाचांचा पीळ, म्हणजेच ट्विस्ट, पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच शेवटच्या दिवशी असतो. ट्रिगर बदलता येतो, स्टॉक बदलता येतो. पीळ चुकला तर नवी नळी घ्यायची, म्हणजे कोऱ्या नळीचे साडेतीनशे-चारशे डॉलर, साधारण तेवढेच बसवण्याचे, आणि वर काही महिन्यांची वाट.

हा लेख अमेरिकेत हजार यार्डांच्या आसपास कागदावर किंवा पोलादी पाट्यांवर नेम धरणाऱ्यांसाठी आहे, कारण हा प्रश्न तिथेच रोज पडतो. आपल्याकडच्या ५० मीटर रायफलवाल्यांना तो सहसा पडत नाही. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत काय किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे काय, दोघांचा प्रकार .२२ लाँग रायफलचा. तिथली गोळी ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आखूड आणि बुटकी. नळीचा पीळ १:१६ च्या आसपास, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. गोळी बदलत नाही, म्हणून पीळही बदलत नाही. सेंटरफायरमध्ये, म्हणजे बुडाच्या मध्यावर पिन आदळून पेटणाऱ्या काडतुसांत, मात्र एकाच व्यासात हलक्या आखूड गोळ्यांपासून सुईसारख्या लांब गोळ्यांपर्यंत सगळं मिळतं, आणि कटकट तिथूनच सुरू होते.

आधी भाषा समजून घेऊ

१:८ म्हणजे नळीत ८ इंच पुढे जाताना गोळी स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेते. आकडा लहान तेवढा पीळ घट्ट, आकडा मोठा तेवढा सैल. गोळीचा वस्तुमानमध्य मागच्या जाड भागात असतो आणि हवेचा रेटा टोकाकडे लागतो. त्यामुळे न फिरणारी लांब गोळी हवेत कोलांट्या घ्यायला लागते. फिरकी तिला भोवऱ्यासारखी सरळ उभी ठेवते. आता मुद्दा असा की लांब गोळीवर हवेचा हा उलथवणारा जोर जास्त चालतो, म्हणून तिला फिरकी जास्त लागते.

गोळीला फिरकी लागते ती लांबीमुळे, वजनामुळे नव्हे. दुकानात, रेंजवर, खोक्यावर सगळीकडे वजनाची भाषा चालते, कारण ग्रेनचा आकडा तेवढाच छापलेला असतो. एकाच व्यासाच्या शिशाच्या गोळ्यांत वजन वाढलं की लांबी वाढते, म्हणून ही भाषा बऱ्यापैकी चालून जाते. पण शुद्ध तांब्याची गोळी समोर आली की ती फसवते. तांब्याची घनता ८.९ आणि शिशाची ११.३, म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब निघते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तिथे जुन्या सैल पिळाच्या रायफली घेऊन बसलेल्यांना हा फरक चांगलाच कळला.

गोळी किती स्थिर आहे ते एका आकड्यात सांगतात, त्याला रेंजवर 'एसजी' म्हणतात. १ च्या खाली गोळी कोलांट्या घेते आणि कागदाला आडवं भोक पाडते. १ च्या जरा वर ती सरळ जाते, पण डुलत जाते. बॅलिस्टिक्सचे तज्ज्ञ ब्रायन लिट्झ यांनी केलेल्या चाचण्यांनंतर लांब पल्ल्यासाठी १.५ ही पातळी रूढ झाली. त्याच्या खाली गोळीचा बीसी, म्हणजे हवा कापत जाण्याची तिची क्षमता, हळूहळू घटत जाते. १ ते १.५ मधला पट्टा फसवा असतो. मी त्यातच फसलो.

माझ्या पहिल्या नळीची गोष्ट

मी कोलोरॅडोत राहतो. माझी नेहमीची रेंज साडेपाच हजार फुटांवर आहे. पहिली ६.५ ची रायफल बांधताना गनस्मिथकडे १:९ ची एक उत्तम कोरी नळी पडून होती, १:८ साठी पाच महिने थांबावं लागणार होतं. मी तेव्हा १२० ग्रेनच्या गोळ्या मारत होतो, त्यामुळे १:९ बिनधास्त घेतली. वर्षभरात सगळ्यांचं बघून १४० ग्रेनच्या लांब गोळ्यांवर गेलो. घरच्या रेंजवर उन्हाळाभर रायफलने तक्रारीला जागा ठेवली नाही. मग समुद्रसपाटीजवळच्या एका हिवाळी स्पर्धेला गेलो. तापमान शून्य अंश सेल्सियसच्या जवळ. शंभर यार्डांवर झिरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळतो का ते, तपासला तर तीन गोळ्या एकाच भोकात. हजार यार्डांवर मात्र सगळ्या गोळ्या फूटभर खाली. तिथला हवेचा दाब आणि तापमान मी गोळीचा मार्ग काढणाऱ्या ॲपमध्ये नीट भरलं होतं. पहिला संशय पावडरवर, मग दुर्बिणीवर, मग स्वतःवर. पिळावर सगळ्यात शेवटी.

घरी येऊन हिशेब मांडला. उन्हाळ्यात माझ्या रेंजवर त्या गोळीचा एसजी १.६२ होता. त्या थंड, दाट हवेत तोच १.१९ झाला होता. रायफल तीच, गोळी तीच, हवा फक्त बदलली. शंभर यार्डांवर याचा पत्ता लागत नाही, कारण तेवढ्या अंतरात बीसी कमी झाला काय आणि नाही काय, सारखंच. "माझी रायफल शंभरवर एका भोकात मारते, पीळ बरोबरच आहे" असं कुणी म्हणालं की म्हणूनच मी गप्प बसतो.

पायरी १: खेळ ठरवा, त्यातून गोळी ठरवा

तुम्ही काय मारणार आहात ते लिहून काढा, आणि हो, कागदावर लिहा. तोंडी ठरवलेलं बदलतं.

शॉर्ट रेंज बेंचरेस्टमध्ये, म्हणजे रायफल बाकावर टेकवून मारायच्या प्रकारात, १०० ते २०० यार्डांवर एका भोकाचा खेळ असतो. तिथे ६ पीपीसी काडतुसात ६८ ग्रेनच्या आसपासच्या सपाट बुडाच्या आखूड गोळ्या आणि १:१३.५ किंवा १:१४ चा सैल पीळ. पाल्मा प्रकारात .३०८ मधून १५५ ग्रेनची गोळी ८०० ते १००० यार्डांवर, तिथे १:१३ ही सर्रास दिसतो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या टीआर गटात .२२३ किंवा .३०८ हीच काडतुसं चालतात आणि .३०८ वाले २०० ग्रेनपर्यंत पोचलेत, म्हणून १:१० किंवा त्याहून घट्ट. पीआरएससारख्या, अडथळ्यांवर रायफल टेकवून मारायच्या स्पर्धांत ६ मिमीचं राज्य आहे. १०५ ते ११० ग्रेनची गोळी, १:७.५ चा पीळ.

गोळी एकच धरू नका, दोन धरा. एक आज मारणार ती. दुसरी, दोन वर्षांनी मोह होईल ती सर्वांत लांब गोळी. नळीचं आयुष्य ६ मिमीत साधारण दीड-दोन हजार फैरी, ६.५ क्रीडमूरमध्ये दोन-तीन हजार, .३०८ मध्ये पाच हजारांच्या वर. .३०८ ची नळी तुमच्याजवळ इतकी वर्षं राहील की मोह नक्की होईल. ६ मिमीची नळी दोन हंगामांत जाईल, तिथे फार पुढचं बघायची गरज नाही.

हा मोह कंपन्यांनाही भोवलाय. १९५५ मध्ये विंचेस्टरने .२४३ आणलं आणि रेमिंग्टनने .२४४. दोन्हींची गोळी ६ मिमीचीच. रेमिंग्टनला वाटलं गिऱ्हाईक याने छोटे प्राणी मारणार, म्हणून ९० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या डोळ्यांसमोर ठेवून १:१२ चा पीळ दिला. विंचेस्टरने १:१० दिला आणि १०० ग्रेनची गोळी हरणासाठी म्हणून विकली. लोकांना एकाच रायफलीत दोन्ही हवं होतं. .२४४ मागे पडलं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस '६ मिमी रेमिंग्टन' या नावाने १:९ च्या पिळासह परत आणलं, पण तोवर बाजार .२४३ च्या ताब्यात गेला होता.

पायरी २: गोळी मोजा

गोळीचं खोकं विकत घ्या, रायफल यायच्या आधीच. डिजिटल कॅलिपरने दहा गोळ्यांची लांबी मोजा आणि सरासरी काढा. इंटरनेटवरच्या तक्त्यातली लांबी चालते, पण गोळीचा नवा लॉट थोडा वेगळा येऊ शकतो, आणि मोजायला पाच मिनिटं लागतात.

प्लास्टिकचं टोक असलेल्या गोळीची गोष्ट वेगळी. ते टोक लांबीत भर घालतं, वजनात जवळजवळ नाही. साध्या सूत्रात पूर्ण लांबी घातली तर गोळी आहे त्यापेक्षा अस्थिर दिसते, आणि तुम्ही गरज नसताना घट्ट पीळ मागवता. जेबीएम या संकेतस्थळाच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्लास्टिकच्या टोकाची लांबी वेगळी भरायचा चौकोन आहे, तो रिकामा सोडू नका.

पायरी ३: हिशेब स्वतः एकदा करा

१८७९ मध्ये वुलविचच्या लष्करी अकादमीतले गणिताचे प्राध्यापक अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी एक सोपं सूत्र दिलं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी, म्हणजे पीळ इंचांत. वेग जास्त असेल तर १५० ऐवजी १८० धरतात. जुने लोक अजून हेच तोंडपाठ म्हणतात. पण ०.२६४ इंच व्यासाच्या आणि १.४० इंच लांबीच्या गोळीला त्यात १५० घातले तर ७.५ येतात आणि १८० घातले तर ९. एवढं अंतर असेल तर आधी होतो तिथेच राहिलो.

आता वापरायचं सूत्र डॉन मिलर यांचं, २००५ मधलं. कॅल्क्युलेटर ते क्षणात करतो, पण एकदा हाताने केलंत तर कुठला आकडा किती ओढतो ते कळतं. समजा ६.५ ची १४० ग्रेनची गोळी, लांबी १.४० इंच, पीळ १:८.

लांबीला व्यासाने भागा: १.४० ÷ ०.२६४ = ५.३०. म्हणजे गोळी स्वतःच्या जाडीच्या सव्वापाच पट लांब. याचा वर्ग करून त्यात १ मिळवा: २९.१. व्यासाचा घन: ०.०१८४. या तिन्हींचा गुणाकार: २.८४.

पीळही व्यासाच्या पटीत काढा: ८ ÷ ०.२६४ = ३०.३, त्याचा वर्ग ९१८.

गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले ३०: ४२००.

आता ४२०० ÷ (९१८ × २.८४) = १.६१. हा तुमचा एसजी, समुद्रसपाटीला, ५९ अंश फॅरेनहाइटला, सेकंदाला २८०० फूट वेगाला. वेग २७५० असेल तर १.६०. वेगाचा परिणाम घनमुळाने येतो, म्हणून तो असा नगण्य. पावडर वाढवून सैल पिळावर मात करता येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट पाहावं: वेग दहा टक्के वाढवला तर एसजी जेमतेम तीन टक्के वाढतो, आणि तेवढा दाब वाढवणं धोक्याचं.

पिळाचा परिणाम मात्र वर्गाने येतो. याच गोळीला १:९ दिला तर १.२६, १:८.५ ला १.४२, १:८ ला १.६०, १:७.५ ला १.८२. अर्ध्या इंचात केवढा फरक पडतो बघा.

उलट बाजूनेही जाता येतं. एसजी १.५ हवाय असं धरून पीळ काढायचा: ४२०० ÷ (१.५ × २.८४) = ९८६, त्याचं वर्गमूळ ३१.४, गुणिले ०.२६४, म्हणजे सुमारे ८.३ इंच. बाजारात १:८ रूढ का आहे, याचं उत्तर इथे आहे.

.३०८ वर हेच चालवलं तर गंमत दिसते. १७५ ग्रेनची सिएरा मॅचकिंग १.२४ इंच लांब आहे. १:१२ च्या पिळातही, २६०० फूट वेगाला, तिचा एसजी १.६७ येतो. म्हणजे १७५ च्या पुढे जायचंच नसेल तर आजोबांच्या काळातला १:१२ पुरेसा आहे. पण दीड इंच लांबीची २०० ग्रेनची गोळी घेतलीत की १:१२ मध्ये एसजी १.१ वर येतो आणि १:१० मध्ये १.६ वर जातो. .३०८ ला आता १:१० घ्या असं मी सांगतो ते यासाठी.

पायरी ४: सर्वांत थंड, सर्वांत दाट हवा शोधा

बहुतेक लोक तिसऱ्या पायरीवर थांबतात. थांबू नका. हवा जितकी दाट तितका गोळीला उलथवणारा जोर जास्त. हवा दाट होते थंडीने आणि कमी उंचीने.

सुधारणा सोपी आहे. फॅरेनहाइट तापमानात ४६० मिळवा, ५१९ ने भागा. मग २९.९२ ला तिथल्या हवेच्या दाबाने, पाऱ्याच्या इंचांत, भागा. दोन्ही आकड्यांनी एसजीला गुणा. दाब मात्र त्या जागेचा प्रत्यक्ष दाब हवा. हवामानाच्या बातमीत जो सांगतात तो समुद्रसपाटीला नेऊन सुधारलेला असतो, आणि डोंगरावर तो भरला तर सगळा हिशेब बिघडतो. पहिल्या वर्षी मी हेही केलं होतं.

न्यू मेक्सिकोतल्या रॅटनजवळचं व्हिटिंग्टन सेंटर घ्या, साडेसहा हजार फुटांच्या आसपास. तिथे प्रत्यक्ष दाब २३.५ इंचांच्या जवळ असतो. वरच्या गोळीला १:९ मध्ये समुद्रसपाटीला १.२६ मिळत होता, तो तिथे १.६० होतो. म्हणजे रॅटनचा १:९ हा समुद्रसपाटीच्या १:८ इतका भरतो. त्याच रायफलीने ईरी सरोवराच्या काठावरचं कॅम्प पेरी गाठलं की १.२६ वर परत. उंचावर राहणाऱ्यांना सैल पिळाची सवय कशी लागते आणि ती कुठे अंगाशी येते, ते यातून दिसतं.

लष्करालाही थंडीनेच धडा दिला. एआर-१५ सुरुवातीला १:१४ च्या पिळाने आली. ५५ ग्रेनच्या गोळीला साध्या हवेत तो पुरत होता, पण अतिथंड हवेतल्या चाचण्यांत गोळी अस्थिर दिसली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पीळ १:१२ करण्यात आला. पुढे एम१६ए२ ला थेट १:७ दिला, तो ६२ ग्रेनच्या नेहमीच्या गोळीसाठी नव्हता. तिला १:९ चाललं असतं. जोडीला येणारी ट्रेसर, म्हणजे जळत जाऊन आपला मार्ग दाखवणारी, गोळी लांब होती, तिच्यासाठी तो होता. सर्वांत लांब गोळी आणि सर्वांत वाईट हवा, या दोन टोकांवरच पीळ ठरतो.

मित्राचा हिशेब मांडला. जानेवारीत तो शून्य फॅरेनहाइटलाही रेंजवर जातो. (मिनेसोटाच्या लोकांपुढे मी हात टेकलेत.) १:८ मध्ये १.६०, गुणिले थंडीचा ०.८८६, म्हणजे १.४२. गाव आठशे-नऊशे फुटांवर, म्हणून थोडा दिलासा, १.४७. काठावर का होईना, पण पास. मग त्याने सांगितलं की पुढच्या वर्षी १५० ग्रेनच्या पुढच्या गोळ्या मारून बघायच्या आहेत. तेव्हा मी म्हटलं, १:७.५ लिही आणि फोन ठेव.

पायरी ५: घट्ट पिळाची किंमत मोजा, पण घाबरू नका

मग सरळ १:७ च का घेऊ नये? याची उत्तरं तीन आहेत. त्यातलं पहिलं बहुतेकांना लागू नाही, दुसरं काहींना लागू आहे, तिसऱ्यावर उगाच वाद घातले जातात.

पहिलं, फिरकीचा वेग. नळीच्या तोंडाशी असलेल्या वेगाला, फूट प्रति सेकंद, ७२० ने गुणून पिळाच्या इंचांनी भागलं की मिनिटाला किती फेऱ्या ते मिळतं. २७५० फुटांना १:८ मध्ये २,४७,५०० फेऱ्या, १:७ मध्ये सुमारे २,८३,०००. लांब पल्ल्याच्या जाड जॅकेटच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या आवरणाच्या, गोळ्या हे सहन करतात. पण .२२ व्यासाची पातळ जॅकेटची, उंदीर-घुशींसाठी बनवलेली हलकी गोळी ३४०० फुटांनी १:७ मधून मारली तर फेऱ्या साडेतीन लाखांच्या घरात जातात. गोळी हवेतच फाटते, कागदावर करड्या धुराची रेघ दिसते आणि भोक पडतच नाही. एकाच .२२३ मधून दोन्ही प्रकारच्या गोळ्या मारायच्या असतील तर १:८ हा मधला मार्ग.

दुसरं, गोळीतला असमतोल. यातला हिशेब मला सगळ्यात आवडतो. जॅकेट एका बाजूला किंचित जाड असेल तर गोळीचा वस्तुमानमध्य अक्षापासून सरकलेला असतो. नळीत तो मळसूत्रासारखा फिरत येतो आणि नळी सुटताच बाजूला भिरकावला जातो, गोफणीतल्या दगडासारखा. किती बाजूला? सरकलेलं अंतर गुणिले ६.२८, भागिले पीळ. समजा मध्य इंचाच्या दहा हजाराव्या भागाने सरकलाय. १:८ मध्ये शंभर यार्डांवर गोळी ०.२८ इंच बाजूला जाईल, १:१४ मध्ये ०.१६ इंच. जो माणूस ०.२ इंचाच्या आतल्या समूहासाठी जीव टाकतो, त्याला हा फरक म्हणजे हार आणि जीत. बेंचरेस्टवाले सर्वांत सैल पीळ का शोधतात ते समजलं असेल. त्यांना हजार यार्डांच्या बीसीशी काही देणंघेणं नाही. आता तुमचा प्रश्न: १:८ ऐवजी १:७.५ घेतलं तर? ०.२८ च्या जागी ०.३०. चांगल्या गोळ्यांत तो फरक तुम्हाला दिसणारही नाही.

तिसरं, फिरकीमुळे गोळी उजवीकडे सरकते. हजार यार्डांवर ६.५ ची गोळी साधारण ८ इंच सरकते. १:८ वरून १:७.५ वर गेलात तर अर्धा इंच जास्त. ॲपमध्ये भरा आणि विसरा. यावर रेंजवर तावातावाने बोलणारे भेटतात, पण त्यातल्या कितीजणांना अर्धा इंच वारा वाचता येतो?

माझा निर्णय असा: लांब पल्ल्यासाठी, तुमच्या सर्वांत लांब गोळीला सर्वांत थंड हवेत १.५ मिळवून देणारा पीळ काढा आणि बाजारात मिळणारा त्याहून किंचित घट्ट घ्या. शॉर्ट रेंजसाठी उलट, गोळी जेवढ्यात सरळ जाईल तेवढाच.

पायरी ६: ऑर्डरचा कागद

नळी दोन मुख्य पद्धतींनी बनते. बटन पद्धतीत कठीण कार्बाइडचा तुकडा नळीतून ओढून किंवा ढकलून खाचा उमटवतात. कट पद्धतीत एकच धारदार कटर प्रत्येक फेरीला केसाहून कमी धातू खरवडतो, त्यात पीळ यंत्र ठरवतं आणि तो जास्त काटेकोर येतो. लिल्या, शिलेन आणि हार्ट हे बटनवाले. क्रीगर आणि बार्टलिन कटवाले. दोन्ही प्रकारच्या नळ्यांनी विक्रम झालेत. कट पद्धतीचा व्यावहारिक फायदा म्हणजे काही कारखाने १:७.७ सारखा मधला आकडाही कापून देतात, आणि तोंडाकडे घट्ट होत जाणारा वाढता पीळही. वाढता पीळ घेतलात तर हिशेबात तोंडाजवळचा आकडा धरा, कारण गोळी बाहेर पडते तेव्हा तोच तिचा पीळ.

खाचा चार, पाच की सहा, किंवा बूट्स ओबरमायर यांची ५आर पद्धत, याचा एसजीशी संबंध नाही. साफसफाई सोपी होते, तांबं कमी चिकटतं वगैरे चर्चा वेगळी. नळीच्या लांबीचाही फारसा संबंध नाही, ती वेगापुरती.

कागदावर पिळाच्या शेजारी एक ओळ आवर्जून लिहा: कोणती गोळी, किती लांब, कोणत्या मॅगझिनमध्ये बसवणार. कारण घट्ट पीळ घेऊन लांब गोळी मारायची आणि चेंबरचा गळा, म्हणजे खाचा सुरू होण्याआधीचा भाग, मात्र आखूड गोळीसाठी कापलेला, असं सर्रास होतं. मग गोळी काडतुसात खोल ढकलावी लागते, पावडरची जागा खाते, आणि सगळा खटाटोप पाण्यात. गनस्मिथला गोळी बसवलेलं एक नकली काडतूस पाठवा, पावडर आणि प्रायमर नसलेलं. तो त्यावरून गळा कापेल.

पायरी ७: नळी आल्यावर मोजा

नळीवर १:८ कोरलंय म्हणून ती १:८ च असेल असं नाही. जुनी रायफल विकत घेताना तर हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. मुठीत बेअरिंग असलेला, मोकळा फिरणारा साफसफाईचा रॉड घ्या. त्यावर घट्ट बसणारं कापड लावा, सैल कापड खाचांवरून घसरतं आणि आकडा खोटा येतो. चेंबरकडून दोन-तीन इंच आत ढकला. रॉडवर मागच्या बाजूला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा, तो सरळ वर येईल असा. रॉड जिथे रायफलमध्ये शिरतो तिथे पेनाने खूण करा. आता सावकाश ढकला. झेंडा एक पूर्ण फेरी घेऊन परत वर आला की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पीळ. तीनदा करा. नळीच्या मागच्या आणि पुढच्या टोकाजवळ वेगवेगळं मोजा. तोंडाकडे पीळ सैल होत असेल तर नळी परत पाठवा.

माझ्या दुसऱ्या नळीची ऑर्डर १:८ ची होती. तीन मापं आली ७.९, ७.९५ आणि ७.९. मी वहीत ७.९ लिहिलं आणि ॲपमध्येही तेच भरलं. मग फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबलो आणि समुद्राजवळच्या त्याच रेंजवर पुन्हा गेलो. या वेळी थर्मामीटरवर उणे तीन होते आणि हातमोज्यांतूनही बोटं वळत नव्हती. हजार यार्डांवर पहिल्या पाच गोळ्या ॲपने सांगितलेल्या उंचीपासून तीन इंचांच्या आत होत्या. डावी-उजवी दोन फूट पसरली होती, पण तो वारा होता, आणि त्याला पीळ काही करू शकत नाही.